ओट्यावरचे पांढरे डाग आणि मावशींची नोटीस

मुलुंडच्या एका मैत्रिणीचं भलंमोठं पत्र आलंय. नाव अर्थातच देत नाही, मुद्दा थोडक्यात असा.

घरात नवरा, अडीच वर्षांचा मुलगा आणि गेल्या वर्षी कोकणातून कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई, त्यांना दमा आहे. मुलगा जमिनीवरचं दिसेल ते तोंडात घालतो, सासूबाईंना तीव्र वासाने खोकल्याची उबळ येते, म्हणून हिने फिनेल, टॉयलेट क्लीनर, भांड्यांचं लिक्विड सगळं घराबाहेर काढलं. आता लिंबा-संत्र्याच्या सालींचं बायो-एन्झाइम, व्हिनेगर, खायचा सोडा आणि रिठा एवढ्यावर घर चालतं. पण मे महिन्यात ड्राय बाल्कनीत ठेवलेली एन्झाइमची काचेची बरणी फुटली (सुदैवाने तिथे कोणी नव्हतं). कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर पांढरट डाग पडलेत, ते काही केल्या जात नाहीत. आठ वर्षं काम करणाऱ्या मावशींनी सांगून टाकलंय, "वहिनी, ह्या पाण्याने तेल निघत नाही, साबण द्या नाहीतर दुसरी बाई बघा." नवरा म्हणतो घराची लॅबोरेटरी केलीस. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी राख आणि चिंचच होती, आणि त्याच सासूबाईंना फिनेलचा वास आल्याशिवाय बाथरूम धुतल्यासारखं वाटत नाही. हिचा प्रश्न असा की, "आता मागे फिरले तर मुलाच्या तब्येतीशी तडजोड केल्यासारखं वाटेल. पण मावशी गेल्या तर माझं घरच बंद पडेल. त्यांना कसं समजावू?"

अगं, मावशींकडे येतेच, पण आधी ओट्याचं बघू, कारण तू ते डाग काढायला रोज त्याच्यावर अजून लिंबू आणि व्हिनेगर घासतेयस असं लिहिलंयस, ते आजच थांबव. ते डाग नाहीयेत. म्हणजे वरून काही सांडून चिकटलेलं नाहीये, दगडच खाल्ला गेलाय. कडप्पा हा आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा चुनखडीचा दगड, आणि चुनखडी म्हटली की तिचं आंबट पदार्थाशी पटत नाही. लिंबू असो, व्हिनेगर असो, चिंच असो नाहीतर तुझं ते एन्झाइम, थेंब पडला की पॉलिश विरघळतं आणि खालचा राखाडी दगड दिसायला लागतो. संगमरवराचं तेच, कोटा लादीचं तेच, आणि जुन्या बिल्डिंगींमधल्या मोझेक टाइल्सचंही तेच, कारण त्यात सिमेंट आणि संगमरवराच्या चिपा असतात. ग्रॅनाइट बऱ्यापैकी टिकतो, व्हिट्रिफाइड टाइल्सना काही होत नाही, काच आणि स्टीलला पण नाही. आता यावर उपाय एकच, पॉलिशवाला बोलवायचा. तोपर्यंत फडक्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब घेऊन पुसलंस तर ओटा काळा दिसेल, पण तो मेकअप आहे, दोन दिवसांनी परत पांढरा. रोजचं पुसणं पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून, मग साध्या पाण्याचा हात, आणि कोरडं करायचं, बास.

आता बरणी का फुटली ते. बायो-एन्झाइमची रेसिपी थायलंडकडून जगभर पसरलीय आणि सगळीकडे तीच आहे, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली आणि एक लिटर पाणी. गूळ आंबतो, आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पहिल्या महिन्यात तर भरपूर, म्हणून रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा असतो. तू चार दिवस गावाला गेलीस, झाकण घट्ट, बरणी काचेची आणि वर मे महिन्यातलं मुंबईचं ऊन, दुसरं काय होणार. करायचंच असेल तर प्लास्टिकची बाटली घे, पाव भाग रिकामा ठेव, सावलीत ठेव आणि तू नसशील तेव्हा झाकण सैल सोड. मुलाचा हात पोचेल अशा जागी तर नकोच.

आणि तयार झाल्यावर ते असतं काय? मुख्यतः हलकंसं आंबट पाणी, त्यात थोडं अल्कोहोल आणि सालींतलं सुवासिक तेल. वाईट नाहीये, उलट नळावरचा पांढरा थर, काचेवरचे पाण्याचे ठिपके, बेसिन यांना छान चालतं, व्हिट्रिफाइड टाइल्सची फरशी पुसायच्या पाण्यात थोडंसं घातलंस तर बिघडत नाही. पण त्याने जंतू मरतात, संडास निर्जंतुक होतो, जळकी कढई लख्ख होते, असं जे रील्समध्ये सांगतात त्यावर मी तरी घर सोपवणार नाही. व्हिनेगरचंही तसंच, ते आंबट आहे एवढीच त्याची शक्ती, जंतुनाशक म्हणून त्याचा भरवसा नाही.

तू व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवतेस ना, त्याचं पण सांगून टाकते. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोघं भेटले की एकमेकांना संपवतात, फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि खाली उरतं ते सोडियम ॲसिटेटचं जवळजवळ साधं खारट पाणी. ग्लासात इनो टाकल्यावर होतं तेच. फेस चालू असताना तो जाळीतला थोडा मळ हलवतो एवढाच फायदा, पण आधी मिसळून ठेवलेल्या बाटलीत तर तोही नाही, आणि झाकण लावलंस तर परत बरणीची गोष्ट. म्हणजे सहा महिने तुझ्या मावशी त्या बाटलीतून ज्या पाण्याने गॅसची शेगडी पुसत होत्या ते खरोखरच पाणी होतं. त्या काही उगाच कटकट करत नव्हत्या.

म्हणून तुझा प्रश्न मी जरा उलटा करणार आहे. "मावशींना कसं समजावू" असं तू विचारतेयस, आणि मला वाटतं त्या घरात तेलाबद्दल सगळ्यात जास्त कळणारी व्यक्ती त्याच आहेत. तेल-तुपाचा चिकटा आंबट गोष्टींनी सुटत नाही, त्याला साबण लागतो नाहीतर अल्कली लागते, म्हणजे सोडा, राख यांच्या जातीचं काहीतरी. आपल्याकडे रोज फोडणी, आठवड्यातून एकदा तळण, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर तर बोट लावलं तर चिकटून बसेल असा थर. लिंबाच्या सालींनी तो हलत नाही. मग मावशी काय करतात, जोर लावतात. म्हणजे तू साबणाची बचत केलीस ती त्यांच्या खांद्याच्या जिवावर. आणि त्यांच्या हाताला चिरा पडल्यात असं तूच पत्रात ओझरतं लिहिलंयस. चिरलेल्या हाताला दिवसभर लिंबू लागलं तर काय होतं ते एकदा स्वतः बघ म्हणजे मला जास्त लिहावं लागणार नाही. शिवाय त्या तुझ्या एकटीकडे नाही, अजून चार घरी जातात, त्यातल्या दोन घरी ॲसिड असेल, एका घरी ब्लीच. तुझ्या घरात केमिकलची काळजी मुलाची आणि सासूबाईंची झाली, ठीकच आहे, पण ज्या हाताने ते सगळं वापरलं जातं तो हात यादीत कुठेच नाही.

रिठा तेवढा चांगला आहे, तो अजिबात सोडू नकोस. रिठ्यात सॅपोनिन असतं, तो खरोखरचा साबण म्हणून काम करतो. दहा-बारा रिठे, बिया काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळायचे, कुस्करून गाळायचे. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर ठेवलंस तर मुंबईच्या हवेत दोन दिवसांत वास मारायला लागतं, बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात. सिल्कच्या साड्या, लोकरीचं, सोन्याचे दागिने, कपबशा, फळं ठेवायची टोपली, याला रिठा झकास. पण डोळ्यात उडालं तर जबरदस्त झोंबतं, तेव्हा बाळाच्या बाटल्या-खेळण्यांना वापरत असशील तर नीट धू. आणि माशाच्या कालवणाच्या पातेल्याला, जळलेल्या कढईला सरळ भांड्यांची वडी. नीट खळखळून दोनदा विसळलेल्या ताटलीवर काळजी करण्याइतकं काही उरत नाही, विसळायला पाणी नीट दिलं म्हणजे झालं.

सासूबाईंच्या "आमच्या वेळी" बद्दल थोडंसं, कारण हे वाक्य मला दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या पत्रात भेटतं. त्या खोटं बोलत नाहीयेत. चुलीची राख हीसुद्धा अल्कलीच, त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, भांड्यावरच्या तेलाशी मिळून ती साबणासारखं काम करते, आणि काथ्याने घासलं की काम फत्ते. तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ, कारण वरचा काळपट थर आम्लात विरघळतो. म्हणजे आंबट कशाला आणि राख कशाला हे त्या बायकांना पक्कं माहीत होतं, कुणी चिंचेने तेलाची कढई घासत नव्हतं. तू मात्र एकच बाटली सगळ्यावर फवारतेयस. देवाची भांडी, समई, तांब्याचा कलश याला आजही चिंच नाहीतर पितांबरी, मावशींना विचार, त्यांना काय आवडतं ते. फक्त कल्हई केलेल्या भांड्याला आतून आंबट लावून घासू नका, कल्हई जाते. आणि जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, कढईला, पातेल्याला धुण्याचा सोडा लावलात तर काळं ठिक्कर पडेल. किचनच्या चिमणीची जाळी पण बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते, तिलाही नको, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. शेगडीचे स्टँड, स्टीलचे डबे, टाइल्स यांना मात्र गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून वीस मिनिटं भिजव, चिकटा कसा सुटतो बघ. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा वेगळे, धुण्याचा बराच कडक असतो, हातमोजे लागतात आणि मुलाच्या हाती लागता कामा नये. किराणावाल्याकडे पंधरा-वीस रुपयांत पुडी मिळते, "घरगुती" म्हणून खपतो, पण डोळ्यात गेला तर डोळ्याची वाट लावतो.

घरगुती म्हणजे निरुपद्रवी हे जे तुझ्या पत्रभर पसरलंय ना, मला त्याचीच जास्त भीती वाटते. तू लिहितेस की गाळलेलं एन्झाइम तू सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरून सिंकखाली ठेवतेस. रंग तपकिरी, संत्र्याचा वास, बाटली सरबताची आणि घरात अडीच वर्षांचं पोर! हे आधी वर उचल, लेबल लाव, खाण्यापिण्याच्या कुठल्याही बाटलीत साफसफाईचं काहीही भरायचं नाही, मग ते साल भिजवलेलं असो की ॲसिड. फरशीच्या पाण्यात वासासाठी तू निलगिरीचं तेल घालतेस, ते लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी फिट येण्यापर्यंत मजल जाते. कापराचंही तसंच, मुंग्यांसाठी कपाटाच्या कोपऱ्यात, खालच्या खणात ठेवलेल्या कापराच्या वड्या मुलाला खडीसाखरेसारख्या दिसतात. डांबरगोळ्या तर नकोतच. आणि समजा कधी पोटात गेलंच काही, तर घरी उलटी करवायची नाही, दूध-मीठपाणी असलं काही पाजायचं नाही, तोंड पुसायचं आणि बाटली सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल.

आता तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये हां. २०१८ साली नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, सहा हजारांच्या वर लोकांना वीस वर्षं बघितलं, आणि घरी साफसफाई करणाऱ्या किंवा सफाईचंच काम करणाऱ्या बायकांची फुप्फुसं इतर बायकांपेक्षा जास्त वेगाने दमत गेलेली दिसली. पुरुषांमध्ये तसा फरक ठळक दिसला नाही, अर्थात त्यात सफाई करणारे पुरुष मुळात थोडेच होते (त्याचं नवल ते काय). तेव्हा सासूबाईंसाठी तू जे सावध झालीस ते बरोबरच. पण त्यातून "सगळं केमिकल हद्दपार" एवढंच निघत नाही. दमेकऱ्याच्या घरात सगळ्यात आधी स्प्रे बंद करायचे, कारण बारीक फवारा श्वासातून थेट आत जातो, तुझा व्हिनेगरचा स्प्रे पण त्यातलाच. फडक्यावर ओतायचं आणि पुसायचं. वास येणारं काही, अगदी नैसर्गिक सुगंधी तेलसुद्धा, कमी. आणि एक विचारू? फिनेल गेलं, पण संध्याकाळी धूप, उदबत्ती, रात्री डासांची कॉइल चालू आहे का? त्या धुराने दमेकऱ्याला फिनेलपेक्षा जास्त त्रास होऊ शकतो, आणि तो कुणाच्या यादीत नसतो कारण तो देवाचा.

खरा धोका कुठे आहे सांगू का, तो दोन बाटल्या एकत्र होण्यात आहे. टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आपल्या मुंबईच्या चार बाय चारच्या संडासात, वर एक छोटी झरोक्याची खिडकी, दार ओढून घेतलेलं, त्यात तो वायू म्हणजे दमा नसलेल्या माणसालाही हॉस्पिटलात नेईल. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू घातलं तरी तेच होतं, हे मात्र लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं घरगुतीच तर आहे, मारा दोन्ही. म्हणजे उद्या मावशींनी वैतागून स्वतःच्या पैशाने ब्लीच आणलं आणि तुझ्या एन्झाइमच्या बादलीत ओतलं तर? हे त्यांना आजच सांग, आणि कारण सांगून सांग, नुसतं "नको" म्हणून नाही.

सायकलला कॅन लावून दारोदार फिरणाऱ्यांकडून फिनेल, ॲसिड घेऊ नका, ही सगळ्याच वाचकांना विनंती. त्यात किती काय आहे कुणालाच माहीत नसतं आणि ते येतं पाण्याच्या जुन्या बाटलीत. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली, विकणाऱ्याने रजिस्टर ठेवायचं, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं असं सगळं, पण गल्लीबोळात काय चालतं ते आपण बघतोच.

मग तुझ्या घरात नेमकं ठेवायचं काय. भांड्यांची एक वडी किंवा बिनवासाचं लिक्विड, धुण्याचा सोडा, लिंबूसत्व, ब्लीचची एक छोटी बाटली आणि तुझा रिठा. एवढ्यात सगळं होतं. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणाच्या दुकानात पावडर मिळते, उन्हाळ्यात लिंबू दहा रुपयाला एक झालं की हे फार स्वस्त पडतं. इथे एक मुंबईची गोष्ट लक्षात घे. पालिकेचं पाणी येतं भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी अशा तलावांमधून, ते पावसाचंच साठवलेलं पाणी, त्यामुळे बऱ्यापैकी मऊ, त्याने फारसा थर बसत नाही. पण बऱ्याच सोसायट्यांत फ्लशला बोअरवेलचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर, त्यात क्षार भरपूर. म्हणून तुझं किचनचं सिंक चकचकीत आणि कमोडच्या आत पिवळट पट्टा, असं आहे ना? तो पट्टा क्षारांचा आहे, तो घासून किंवा फिनेल ओतून जाणार नाही, तिथे आंबटच लागतं. रात्री झोपताना कमोडमध्ये चार-पाच चमचे लिंबूसत्व टाकून ठेव, सकाळी ब्रश मार. पट्टा जुना असेल तर तीन-चार रात्री लागतील. विकतच्या टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते झटपट करतं, महिन्यातून एकदा सासूबाई खाली बागेत गेल्या असताना एक्झॉस्ट लावून वापरलंस तर मी काही तुला ओरडणार नाही. फक्त कमोडच्या आतच, लादीवर नाही. आणि ज्या आठवड्यात हे, त्या आठवड्यात तिथे ब्लीच नाही.

फरशी पुसायला रोज साधं पाणी आणि साबणाचे थेंब पुरतात. घरातली फरशी ऑपरेशन थिएटर नाहीये, रोज जंतू मारायची गरज नाही, धूळ आणि खरकटं गेलं की निम्म्याहून जास्त काम झालं, आणि पोछा स्वच्छ धुऊन वाळवला की उरलेलं. ओला, आंबूस वासाचा पोछा आणि वरून महागडं जंतुनाशक, अशी कितीतरी घरं आहेत. ब्लीच लागतं ते घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले, कच्च्या चिकनचं पाणी सांडलं, नाहीतर पावसाळ्यात बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यात काळी बुरशी धरली तर. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटची टक्केवारी बघ, पाच टक्क्यांचं असेल तर एक लिटर थंड पाण्यात २० मिली, आधी साबणाने पुसून मग हे लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग पाण्याने पुसायचं. गरम पाणी नको, केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, त्यात दम राहत नाही. आणि हे काम सासूबाई दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या असताना.

भिंतीच्या बुरशीचं तू विचारलंयस, कपाटामागच्या. तिथे व्हिनेगरही नको आणि ब्लीचही नको, बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, पोपडे आलेत असं तूच म्हणतेस. तू वरून कितीही पूस, ऑगस्टमध्ये परत येणार. ते सोसायटीचं वॉटरप्रूफिंगचं काम आहे, सेक्रेटरीच्या मागे लाग, फोटो काढून लेखी दे. तोवर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, हवा खेळू दे. दमेकरी माणसाला त्या खोलीत झोपवू नकोस, हे सगळ्या क्लीनरपेक्षा महत्त्वाचं आहे.

नवऱ्याचं काय, तर तो लॅबोरेटरी म्हणतो म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, त्याच्याकडे एक काम दे, सगळ्या बाटल्यांना मार्करने लेबलं लावायचं आणि वरच्या कपाटाला चाइल्ड लॉक बसवायचं. आणि सासूबाईंना फिनेलच्या वासाशिवाय समाधान नाही, तर तो वास म्हणजे स्वच्छता नाही एवढं त्यांना पटवत बसण्यापेक्षा बाथरूम धुऊन झाल्यावर वायपरने कोरडं करून दाखव. कोरडं बाथरूम मुंबईत लक्झरी आहे, त्यांना आवडेल. तरीही हट्ट धरला तर आठवड्यातून एकदा अगदी थोडं, त्या घरात नसताना. माणसाला खोकला येत असताना खोकला आणणाराच वास हवा असतो, यात तर्क शोधायला गेलीस तर तुझंच डोकं दुखेल.

तडजोडीचं तू जे लिहिलंयस त्यावर एवढंच म्हणेन की मुलाच्या तब्येतीचं तराजू तू एकटीच धरून बसलीयस असं मला वाचताना वाटलं. साबणाची वडी घरात आली म्हणजे आई म्हणून कमी पडलीस, हे गणित तुला कुणी शिकवलं? सरबताच्या बाटल्या सिंकखालून उचलून वर ठेवल्यास तर त्याने मुलाचं जेवढं रक्षण होईल तेवढं सहा महिन्यांच्या सालींनी झालेलं नाही.

राहिल्या मावशी. रविवारी घाईत, त्या चप्पल घालत असताना बोलू नकोस. मधल्या वारी चहा ठेव, बसव, आणि पहिलं वाक्य हे की तेलाचं तुम्ही सांगत होतात ते बरोबर होतं, साबण आणलाय. मग त्यांना विचार की कुठलं काम जड जातं, कशाने हात चुरचुरतात, बाकीच्या घरी काय वापरता. त्यातून तुला दोन-चार गोष्टी अशा कळतील ज्या कुठल्याही रीलमध्ये नाहीत. मग तुझी बाजू सांग, सासूबाईंचा दमा, मुलाचं तोंडात घालणं, म्हणून उग्र वासाचं नको, ॲसिड नको, आणि दोन गोष्टी कधीच एकत्र नाहीत. त्या ऐकतील, आठ वर्षं तुझं घर सांभाळलंय, तुझं मूल त्यांच्यासमोर जन्मलंय. एन्झाइम वापरायचं की नाही हे त्यांच्यावर सोड, नळ आणि काचेला आवडलं तर वापरतील. गॅसमागच्या टाइल्स, पंखे, जाळ्या हे चिकट्याचं काम रोजच्या पगारात धरू नकोस, महिन्यातून एकदा वेगळे पैसे ठरव, आणि भिजवून ठेवायचं काम आदल्या रात्री तू कर. रबरी हातमोजे मापाचे आण, बायकांच्या हाताला मोठे मोजे निसटतात आणि मग कुणीच घालत नाही. दोन जोड आण, एक ओला असताना दुसरा घालता येतो. आतून थोडी टाल्कम पावडर टाकायला सांग, आणि काम झाल्यावर लावायला बेसिनपाशी खोबरेल तेलाची एक बाटली त्यांच्या नावाची ठेव.